चामड्याचा ताठा

मराठ्यांच्या शस्त्रांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पात्याचा बांक, मुठीची घडण, फिरंग व धोप यांतील भेद, पट्ट्याची लांबी, बिचव्याचा आकार, या सर्वांची चर्चा करणारे जाणते लोक आपल्यांत आहेत, आणि त्यांचे श्रम खरोखर स्तुत्य होत. परंतु शस्त्र हातांत असतें तें फार तर घटकाभर. उरलेला सारा काळ तें कोणत्या ना कोणत्या घरांत निजलेलें असतें. त्या घराकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. आमच्या भाषेला मात्र त्याचा विसर पडलेला नाहीं. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, हें आपण जावाजावांच्या भांडणांतसुद्धां ऐकतों. निलाजऱ्याची कातडी गेंड्याची ठरते. आणि वाद मिटला म्हणजे तलवारी म्यान होतात, मग त्या नगरपालिकेच्या सभेंतल्या कां असेनात. म्यान, ढाल, बुधला, खोगीर आणि पिस्तुलाचें चामडी घर या सर्व वस्तूंना एकच गुण लागतो. चामड्यानें आपला आकार सोडतां कामा नये. हा ताठा चामड्यांत येतो कोठून, जातो कसा, आणि गेल्यावर परत आणतां येतो कीं काय, याचा थोडासा इतिहास येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास माधवनगरचें एक घर कारण झालें. माधवनगर हें सांगलीच्या उत्तरेस अगदीं लगतचें गांव. बुधगांवकर पटवर्धनांच्या, म्हणजे मिरजेच्या धाकट्या पातीच्या, मुलखांत रेल्वेच्या कडेला ही पेठ वाढली. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला, आणि १९६० पासून त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. कापडगिरणीचें व व्यापाराचें गांव म्हणून माधवनगर लोकांस ठाऊक. शस्त्रांशीं त्याचा संबंध सहसा कोणी जोडणार नाहीं. परंतु कृष्णाकांठच्या खेड्यांतून पलटणींत गेलेल्या माणसांचीं मुलेंनातवंडें नोकरीधंद्याच्या निमित्तानें अशाच पेठांतून येऊन राहिलीं, व येतांना आजोबांची ट्रंक बरोबर घेऊन आलीं. अशा एका ट्रंकेंत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाच्या पणजोबांचा पट्टा व त्याला अडकविलेलें पिस्तुलाचें चामडी घर आहे. पलटणींत या वस्तूला होल्स्टर म्हणतात. पणजोबा पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत जमादार होते. पिस्तूल अर्थातच घरांत नाहीं, तें सरकारजमा होऊन किती पिढ्या लोटल्या. राहिलें तें रिकामें घर.

दर वर्षीं खंडेनवमीस तें बाहेर निघे. पूजेच्या पाटावर कोयता, विळा, कात्री, अलीकडे मोटारीची किल्ली, आणि या सर्वांच्या मधोमध तें होल्स्टर. घरांतील वडीलधारी बाई त्यास गोडेंतेल चोळी, मग हळदकुंकू वाही. शस्त्राला तेल लावावें हा नियम लोखंडासाठीं आहे. परंतु लोखंड गेलें होतें, म्हणून सगळें प्रेम चामड्याच्या वांट्यास आलें. शंभर वर्षांच्या या भक्तीचा परिणाम असा झाला कीं होल्स्टर ओल्या केळीच्या पानासारखें लुळें पडलें. हातांत धरावें तर मान टाकी, पाटावर ठेवावें तर चपटें होई. घरांतील तरुण मुलानें तें कांचेच्या पेटींत उभें करून ठेवण्याचें मनांत आणलें, तेव्हां तें उभें राहीना. आणि प्रश्न आमच्याकडे आला. इतिहासाच्या अध्यापकास चामड्याचें काय कळतें, असें कोणी विचारील तर तें रास्तच आहे. परंतु प्रश्नाचा पाठपुरावा करतां करतां जें हातीं लागलें तें इतकें मनोरंजक निघालें कीं तें एकट्यानें ठेवून घेणें आम्हांस प्रशस्त वाटेना.

प्रथम कातडें म्हणजे काय तें पाहूं. जनावराचें कातडें हें तंतूंचें घट्ट विणलेलें कापडच होय; मात्र या कापडाला उभा धागा व आडवा धागा असा भेद नाहीं, सर्व दिशांनीं धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ओलें असतां हे तंतू एकमेकांवरून सरकतात, म्हणून ओल्या कातड्याला हवा तो आकार देतां येतो. वाळतांना ते एकमेकांस धरून बसतात. नुसतें वाळविलेलें कच्चें कातडें दगडासारखें टणक होतें, परंतु पावसाच्या पहिल्या सरींत पुनः मऊ होऊन कुजूं लागतें. तें कुजूं नये म्हणून कमावावें लागतें. आमच्या दख्खनच्या पठारावर हें काम ढोर समाजाच्या कारागिरांनीं पिढ्यान्‌ पिढ्या केलें, आणि त्यांची सामग्री त्यांच्या पायांशींच उगवत होती. बाभळीची साल, हिरडा, आणि माळामाळांवर पिवळ्या फुलांनीं डवरणारा तरवड, ही ती सामग्री. प्रथम चुन्याच्या कुंडांत कातडें भिजत घालून केस काढावयाचे, आंतल्या बाजूचें मांस खरडावयाचें, चुना धुऊन काढावयाचा. मग त्या कातड्याचीच पिशवी शिवून ती तिकाटण्याला टांगावयाची, आणि तिच्यांत साल व हिरड्याचें पाणी भरावयाचें. पाणी हळूहळू कातड्यांतून पाझरून खालीं ठिबके, तें पुनः वर ओतीत. पिशवी उलटी करून दुसऱ्या बाजूनें टांगीत. सर्व खटाटोप महिना-सव्वा महिना चाले. कातडें येथें स्वतःच आपलें कुंड होतें, ही कल्पना आम्हांस तरी फार चतुर वाटते. पाण्याचा दुष्काळ असलेल्या मुलखांत थोड्या पाण्यांत काम उरकण्यास याहून सोयीचा मार्ग कोणता?

सालीचा हा तुरट रस तंतूंच्या मधल्या पोकळ्यांतून बसतो व कातड्यास अंगभर भरीव करतो. म्हणूनच सालीनें कमावलेलें कातडें ओलें करून साच्यावर बसविलें, आणि सावलींत वाळूं दिलें, कीं तो आकार तें धरून ठेवतें. कोल्हापुरी वहाणेचा तळ पायाच्या घाटाचा होतो तो याच गुणानें. उलट तेल आंत शिरलें म्हणजे तें तंतूंच्या मध्यें जाऊन बसतें व त्यांस सरकतें करतें. मोटेच्या सोंडेला, लगामाला, पखालीला हें हवेंच असतें, कारण तेथें लवचिकपणा हाच गुण. होल्स्टरला नेमका तोच अवगुण.

आमच्या पूर्वजांनीं ताठ चामड्याची गरज कशी भागविली हें पाहिलें तर त्यांनीं तीन निराळ्या वाटा चोखाळल्या होत्या असें दिसतें. पहिली वाट कच्च्या कातड्याची. गेंड्याची किंवा म्हशीची जाड कातडी भिजवून, ताणून, घुमटाच्या आकारावर वाळवीत. वर रोगण चढवीत, आणि चार फुलें ठोकून आंतून धरावयाच्या गादीच्या कड्या त्यांत अडकवीत. हीच ढाल. चांगल्या गेंड्याच्या ढालींतून उजेड मधाच्या रंगाचा दिसतो, हें पदार्थसंग्रहालयांत ढाल हातीं घेण्याचा योग ज्यांस आला असेल ते सांगतील. बुधला हा तिचाच घरगुती भाऊ. मातीच्या गोळ्याचा साचा करून त्याच्यावर ओल्या कातड्याचे तुकडे ठोकून बसवावयाचे, वाळल्यावर आंतली माती फोडून तोंडावाटे काढून टाकावयाची, कीं तेलातुपाचें न फुटणारें भांडें तयार. बैलाच्या पाठीवर घाट चढतांना मातीची घागर काय कामाची? तेलानें हें कातडें मऊ पडत नाहीं, कारण कच्च्या कातड्याचे तंतू वाळतांना एकमेकांस चिकटून एकजीव झालेले असतात. त्याचा शत्रु पाणी. युरोपांतही मध्ययुगांत गरम पाण्यानें वा मेणानें कठीण केलेल्या चामड्याचीं चिलखतें व पेट्या करीत, हें त्या देशांच्या इतिहासाच्या वाचकांस विदित असेलच.

दुसरी वाट म्यानाची, आणि ती सर्वांत सोपी. चामड्यानें ताठ राहावें अशी अपेक्षाच न करतां आंत लांकडाच्या दोन पातळ फळ्या घालावयाच्या व वरून चामडें किंवा मखमल चढवावयाची. ताठा लांकडाचा, शोभा चामड्याची. तिसरी वाट खोगिराची व वहाणेची, म्हणजे सालीनें कमावलेलें जाड चामडें ओलें असतां घडविण्याची. खोगिरें व तद्‌नुषंगिक सामान करणारे ते जीनगर. जीन म्हणजे खोगीर, त्यावरून हें नांव. पेशवाई संपल्यावर घोडदळें मोडलीं, खोगिरांस गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि या कुशल लोकांनीं तांब्यापितळेचें काम, चित्रें, मूर्ती, पुस्तकबांधणी, जें हातास येईल तें धरलें. मिरजेस तर याहून विलक्षण घडलें. तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारे कारागीर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तंबोरे व सतारी करूं लागले. फरीदसाहेब शिकलगारांचें नांव या संबंधांत आदरानें घेतलें जातें. माधवनगरहून मिरज कांहीं मैलांवर. तेथील सतारमेकरांच्या गल्लींतून जातांना, या घरांचे मूळ पुरुष तलवारी पाजळीत होते, हें किती गायकांच्या ध्यानांत असतें कोण जाणे.

आतां पिस्तुलाकडे वळूं. आपल्याकडे पिस्तूल आलें तरी त्याचें घर बराच काळ आलें नाहीं. तें खोंचावयाचें तें कमरेच्या शेल्यांत, कट्यारीच्या शेजारीं. आणि शेल्याला ताठपणाची काय मातब्बरी! घोड्यावरील युरोपीय स्वार मात्र खोगिराच्या पुढच्या बाजूस दोन अंगांना दोन चामडी नळे बांधून त्यांत पिस्तुलें ठेवीत. माणसाच्या कमरेस अडकविण्याचें होल्स्टर फौजेंत सार्वत्रिक झालें त्याची कथा हिंदुस्थानाशींच निगडित आहे. १८५८ च्या ऑगस्टच्या अखेरीस, रोहिलखंडांत पिलिभीतजवळ सीरपुरा येथें झालेल्या चकमकींत सॅम ब्राउन या घोडदळाच्या अधिकाऱ्याचा डावा हात खांद्यापासून तुटला. एकहाती माणसानें तलवार उपसावी कशी? डाव्या हातानें म्यान धरल्यावांचून तलवार सुखानें बाहेर येत नाहीं. म्हणून त्यानें खांद्यावरून तिरपा पट्टा घेऊन कमरपट्ट्यास आधार दिला, म्यान जागच्या जागीं राहील अशी योजना केली, आणि पिस्तूलही पट्ट्यासच अडकविलें. एका हातानें उपसावयाचें तर घर ताठ व तोंड उघडें राहिलेंच पाहिजे. लुळ्या घरांतून पिस्तूल उपसण्यास दुसरा हात लागतो. १८५७ च्या बंडांत लढणाऱ्या आपल्या लोकांनीं घातलेल्या घावांतून जन्मलेला हा पट्टा पुढें जगांतील अनेक फौजांच्या गणवेषांत शिरला, आणि स्वतंत्र हिंदुस्थानच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवर आजही दिसतो. इतिहासाला असले विनोद करण्याची हौस फार.

या पट्ट्यांना व होल्स्टरांना लागणारें चामडें कानपूरला होऊं लागलें. १८६० नंतरच्या दशकांत तेथें सरकारी खोगीर-कारखाना उभा राहिला, तो तेथेंच कां, याचें एक मोठें कारण बाभूळ. गंगायमुनेच्या दुआबांत सालीला तोटा नव्हता. अर्थात्‌ कारखाना विलायती धर्तीचा, पण चामड्याला ताठ करणारा रस आमच्या ढोरवाड्यांतला तोच. माधवनगरच्या ट्रंकेंतील होल्स्टर कोठें घडलें हें सांगणारी छाप त्याच्यावर आतां वाचतां येत नाहीं; परंतु तें सालीनें कमावलेल्या चामड्याचें आहे, हें त्याच्या कडेवरून निश्चित कळतें. कड थोडीशी खरवडली तर ती आरपार तपकिरी दिसते. ही खूण वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण सगळा पुढील उपाय तीवर अवलंबून आहे.

कारण १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें क्रोमाच्या क्षारांनीं कातडें कमावण्याचें पेटंट घेतलें, आणि चामड्याच्या जगांत मोठें स्थित्यंतर झालें. महिन्याचें काम दिवसांवर आलें. क्रोमाचें चामडें मऊ, टिकाऊ, पाण्याला न जुमानणारें. कच्चें कातडें सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेला आकसतें, सालीचें ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान, परंतु क्रोमाचें चांगलें चामडें उकळत्या पाण्यांतही टिकून राहतें. मद्रासेंत आल्फ्रेड चॅटर्टन यानें १९०३ च्या सुमारास हे प्रयोग आरंभिले. आणि आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं त्याचें एक लक्ष्य होतें विहिरीवरची मोट. पाण्यांत रात्रंदिवस भिजणारी मोट सालीच्या चामड्याची केली तर थोडक्या काळांत कुजते; क्रोमाची अधिक टिकेल हा त्याचा हिशेब, व तो खरा ठरला. आमच्या सांगली-साताऱ्याकडे प्रश्न दुसऱ्या रीतीनें सुटला. लोखंडी मोटेला चामड्याची फक्त सोंड उरली. नंतर माधवनगरहून रेल्वेनें थोड्याच अंतरावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर वसविलेल्या किर्लोस्करवाडींतून पंप निघूं लागले, आणि सोंडही गेली. मोटेबरोबर तिला शिवणारांचें व चामडें पुरविणारांचें बारमाही काम गेलें. मोटेवरच्या गाण्यांची आठवण काढून हळहळणारे लेख आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. मोट शिवणाराचें पुढें काय झालें, हें विचारणारा एकही वाचल्याचें स्मरत नाहीं.

क्रोमाच्या चामड्याचा एक दोष मात्र कायमचा आहे. तें साच्याची आठवण ठेवीत नाहीं. ओलें करून कितीही दाबा, वाळल्यावर तें मूळपदावर येतें. त्याची कड कापली तर आंत निळसर-करडी रेघ दिसते. अशा होल्स्टरास ताठा आणण्याची खटपट कोणीं करूं नये. आंतून नव्या चामड्याचें अस्तर लावणें एवढाच मार्ग. फौजांनींही शेवटीं चामड्याचा नाद सोडला. १९३७ च्या नमुन्याच्या इंग्रजी सरंजामांत होल्स्टरही जाड सुती पट्ट्यांच्या विणीचें झालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या डोंगरांत लढलेल्या मराठा पलटणी तोच सरंजाम घेऊन गेल्या.

उपायाच्या शोधांत आम्ही त्या तरुणासह कोल्हापुरास सुभाषनगरांत गेलों. तेथील एका वृद्ध कारागिरानें होल्स्टर हातांत घेतलें, वास घेतला, बोटाच्या पेरानें दाबलें, आणि तेलाची कहाणी ऐकून तो मोठ्यानें हंसला. "सर, देवाला निवद दावायचा असतोय," तो म्हणाला, "तोंडात कोंबायचा नसतोय." आम्हीं विचारलें, "मामा, पुन्हां ताठ होईल?" तो म्हणाला, "हुईल. पण तरणं हुणार न्हाई. म्हातारा काठी धरून उभा ऱ्हातोय तसं उभं ऱ्हाईल." एवढें म्हणून त्यानें आरी बाजूस ठेवली व काय करावयाचें तें सांगितलें.

आधीं तेल काढावयाचें. खडूची बारीक पूड आंतबाहेर दाबून भरावयाची, फडक्यांत गुंडाळून ठेवावयाचें, आणि पूड पिवळी पडली कीं ती झटकून नवी भरावयाची. या कामांस आठवड्यांच्या हिशेबानें वेळ लागतो. घाईनें तेल काढणारीं रसायनें चामड्याचा जीवही काढतात. मग हाताला सहज सोसेल इतक्या कोमट पाण्यांत तें बुडवावयाचें, आणि बुडबुडे यावयाचे थांबले कीं लगेच बाहेर काढून रात्रभर ओल्या फडक्यांत ठेवावयाचें, म्हणजे ओल अंगभर सारखी होते. सकाळीं आंत लांकडी ठोकळा बसवून गुळगुळीत हाडानें किंवा लांकडानें बाहेरून दाबीत जावयाचें, कडांशीं अधिक. ठोकळा आंत ठेवूनच वाऱ्याच्या सावलींत दोनतीन दिवस वाळूं द्यावयाचें. उन्हांत नाहीं, चुलीजवळ नाहीं. शेवटीं शिवणीच्या कडेस मेणाचा पुसट हात. तेल पुन्हां नाहीं. कित्येक लोक ऊन ऊन पाण्यांत बुडवून झटपट ताठा आणतात. तो येतो खरा, कारण तंतू आकसतात. परंतु जुनें चामडें त्यानें आकाराला लहान होतें व पुढें पापडासारखें तडकतें. रोगण किंवा लाखेचा लेपही दिसण्यापुरता. पहिल्या घडीवर त्याला भेग पडते.

ठोकळा कोणत्या मापाचा करावा हा प्रश्न होता, कारण पिस्तूल नव्हतें व त्याची जातही कोणास ठाऊक नव्हती. तें उत्तर होल्स्टरनेंच दिलें. खडूची पूड झटकतांना आंतील बाजूस काळसर डाग दिसूं लागले. नळीचा लांब, गोल पेटीचा रुंद. सालीचा किंवा हिरड्याचा रस व लोखंड एकत्र आले म्हणजे काळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वीं करीत, ती याच न्यायानें. म्हणजे मेसोपोटेमियाच्या दमट हवेंत किंवा आपल्या पावसाळ्यांत त्या पिस्तुलानें आपल्या घराच्या भिंतीवर शाईनें आपलें चित्र काढून ठेवलें होतें. त्या डागांवर कागद ठेवून सुतारानें ठोकळा केला. ज्यांच्या घरीं परवान्याचें शस्त्र असेल त्यांनीं यांतून दुसरा अर्थही घ्यावा: सालीच्या चामड्यांत पोलाद फार दिवस ठेवूं नये, चामडें काळें पडतें व पोलाद गंजतें.

परंतु ठोकळा बसविण्यापूर्वीं घरांतच वाद उपस्थित झाला, आणि तो आम्हांस उपायाहून महत्त्वाचा वाटतो. मुलाची आत्या म्हणाली कीं तें आहे तसेंच राहूं द्यावें. तिचें म्हणणें असें: ताठपणा फौजेनें दिला, तो पणजोबांनीं चारपांच वर्षें वागविला, मऊपणा या घरांतल्या बायकांनीं दिला, त्याला शंभर वर्षें लागलीं. पणजोबा समुद्रापार असतां ज्या बाईनें घर चालविलें तिची दुसरी कोणती वस्तु आपल्याजवळ आहे? या बोटांच्या खुणा पुसून तुम्हांला कोणाचा इतिहास कांचेंत ठेवावयाचा आहे? हा प्रश्न ऐकून आम्ही कांहीं वेळ निरुत्तर झालों. संग्रहालयांचे मोठमोठे अधिकारी ज्या वादांत अजून पुरते सांपडलेले आहेत, जीर्ण वस्तु मूळ रूपांत आणावी कीं काळानें दिलेलें रूप राखावें, तोच वाद माधवनगरच्या सोप्यावर एका बाईनें चार वाक्यांत मांडला होता.

आमचें मत तरीही दुरुस्तीच्या बाजूस पडलें, परंतु त्याचें कारण शोभा नव्हे. तेलानें पितळी रिबिटांभोवतीं हिरवा कळंक चढला होता, शिवणीचा दोरा कुजूं लागला होता, आणि पावसाळ्यांत बुरशी धरत होती. आणखी वीस खंडेनवम्यांनंतर ना पणजोबांचा ताठा राहिला असता ना पणजीचा हात. ही बाजू आत्यांना पटली. त्यांनीं एक अट घातली, ती आम्हांस सर्वथैव योग्य वाटते: बाहेरच्या अंगावर हळदकुंकवाचे जे जुने डाग चामड्यांत मुरले आहेत ते घासून काढावयाचे नाहींत. ते काढलेले नाहींत. पूजा आतां पेटीची होते.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें बोलली पाहिजे. असल्या विद्या लुप्त होत चालल्या म्हणून शोक करणें आम्हां पुस्तकी लोकांस फार सोपें आहे. चुन्याच्या कुंडांत ज्यांचे हात गेले, कातड्याच्या वासामुळें ज्यांचीं घरें गांवाबाहेर ठेवलीं, ज्यांनीं शिवलेल्या वहाणा उंबऱ्यापर्यंत चालल्या पण जे स्वतः उंबऱ्याच्या आंत आले नाहींत, त्यांच्या मुलांनीं हा धंदा टाकला तर त्यांत शोक करण्यासारखें काय आहे? डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास जमलेल्या लोकांस मेलेल्या जनावराचें मांस सोडण्यास सांगितलें, तेव्हां त्यांनीं एका खाद्याविरुद्ध नव्हे, तर गांवानें लादलेल्या कामाविरुद्ध व त्यांतल्या मानहानीविरुद्ध बोट दाखविलें होतें. गांवगाड्यानें ज्ञान घेतलें व ज्ञात्याला बाहेर ठेवलें. म्हणूनच तें ज्ञान कोणी लिहून ठेवलें नाहीं. बखरींतून तलवारींचीं नांवें सांपडतात. ढाल कोणीं ताणली, खोगीर कोणीं शिवलें, हें सांपडत नाहीं, आणि त्याचा दोष काळावर ढकलून भागणार नाहीं.

धंद्यापुढें आणखी अडचणी आल्या. महाराष्ट्राचें १९९५ सालचें विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीनें २०१५ सालीं कायदा झालें, आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. म्हशीचें कातडें तेवढें मोकळें राहिलें. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनीं मिळून त्यासाठीं अर्ज केला होता. त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आपल्याकडचे, व बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार तिकडचे. एरवीं सीमेवरून भांडणारीं दोन राज्यें वहाणेच्या बाबतींत एका अर्जावर सही करूं शकलीं, हें नमूद करण्यासारखें आहे. मानांकनानें चपलेचें नांव राखलें. साल कुटून, कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, तिच्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याच्या रंगावरून दिवस ओळखणारीं माणसें मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. त्यांपैकीं एखाद्या वृद्धापाशीं बसून सालीचें प्रमाण, चुन्याचे दिवस, पाण्याची पारख, हें सर्व कोणा अभ्यासकानें, सांगणाराचें नांव वर घालून व त्याला त्याचा मोबदला देऊन, लिहून घ्यावें. असा मजकूर आल्यास त्यास या मासिकांत जागा देऊं, असें संपादकांनीं आम्हांस सांगितलें आहे.